बुरोंडीचा सूर्य आणि शाळेतला निबंध

दापोली तालुक्यातील बुरोंडी हे अरबी समुद्राच्या काठचे गाव. पाठीशी डोंगर, पुढ्यात दर्या. सूर्य डोंगरामागून वर येतो आणि संध्याकाळी पाण्यात बुडतो. पश्चिम किनाऱ्यावर याहून वेगळे काही घडू शकत नाही. असे असताना या गावातल्या, सहावीत शिकणाऱ्या एका मुलीच्या निबंधाच्या वहीत आम्ही वाचले की, पहाटे समुद्रातून सोन्याचा गोळा हळूहळू वर आला आणि लाटा त्याला वंदन करू लागल्या. विषय होता 'समुद्रकिनाऱ्यावरील पहाट'. खाली लाल शाईत सही, 'छान' असा शेरा आणि दहापैकी आठ गुण.

मुलगी आमच्या नात्यातली. शाळा तालुक्यातलीच एक. अशी वही कोणत्याही शाळेत मिळेल, म्हणून तिचे नाव सांगण्यात अर्थ नाही. आम्ही तिला विचारले, तुमच्याकडे सूर्य दर्यातून कधीपासून उगवायला लागला? ती हसली आणि म्हणाली, "मामू, सुर्या डोंगरामागनंच येतो, म्हाईत हाय मना. पन निबंधात दर्यातनं काढायचा असतो."

या उत्तरावर आम्ही बरेच दिवस विचार करीत आहोत. मुलगी अडाणी नाही. उलट, शाळेने दिलेला एक धडा तिने फार पक्का केला आहे. डोळ्यांना दिसते ते एक आणि वहीत लिहायचे ते दुसरे, हा तो धडा. पुढचे लेखन म्हणजे या धड्याची समीक्षा आहे. वाङ्मयीन वार्षिकात शालेय निबंधाची समीक्षा कशाला, असे कोणी विचारील. आपल्या मुलांच्या हातून लिहून होणारा हा पहिला गद्यप्रकार, आणि बहुतेकांच्या बाबतीत शेवटचाही. एखाद्या कथासंग्रहावर आपण पानेच्या पाने खर्च करतो. पण ज्या वहीतून उद्याचा कथाकार निघायचा किंवा कायमचा गप्प व्हायचा, ती वही आपल्यापैकी कोणी उघडूनही पाहत नाही.

या प्रकाराचे विषय सर्वांच्या परिचयाचे आहेत. 'माझी शाळा', 'माझा आवडता ऋतू', 'फाटक्या पुस्तकाचे मनोगत', 'मी पंतप्रधान झालो तर'. प्रारंभी एक सुविचार, मध्ये तीन परिच्छेद, शेवटी संकल्प. विशेषणे ठरलेली: पाऊस रिमझिम, हिरवळ गालिच्यासारखी, आई वात्सल्यमूर्ती. या प्रकाराला लेखक नाही, कारण मजकूर मार्गदर्शक पुस्तकातून किंवा फळ्यावरून आलेला असतो. त्याला वाचकही नाही. शिक्षक ते तपासतात. तपासणे आणि वाचणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ज्याला कोणी वाचणार नाही असे लिहायला मुलाला दहा वर्षे लावायची आणि मग नव्या पिढीत लेखक का निर्माण होत नाहीत म्हणून परिसंवाद भरवायचा, असा आपला क्रम आहे.

त्याच वहीत पुढे 'मी अनुभवलेले वादळ' असा निबंध होता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ आले तेव्हा दापोली आणि मंडणगड या तालुक्यांची काय दशा झाली, हे कोकणातल्या वाचकाला सांगायला नको. माड आणि सुपारीच्या बागा आडव्या झाल्या, घरांची छपरे गेली, वीज कितीतरी दिवस आली नाही. ही मुलगी तेव्हा सहा वर्षांची. वहीतल्या वादळात काळेकुट्ट ढग होते, विजांचा कडकडाट होता, वृक्ष उन्मळून पडत होते आणि अखेरीस निसर्गापुढे मानव हतबल ठरला होता. हे वादळ बुरोंडीचे होते की बंगालच्या उपसागरातले, ते कळायला मार्ग नव्हता.

आम्ही वही मिटली आणि म्हटले, बाय, आता तोंडाने सांग. तिने सांगितले ते असे. कौले पत्त्यांसारखी एकेक करून निघाली नाहीत, अख्खी ओळच्या ओळ उचलली गेली. नानीने पेटीतून कुराण शरीफ काढून प्लॅस्टिकच्या दोन पिशव्यांत गुंडाळले आणि पोटाशी धरून ती कोपऱ्यात बसली. मधेच वारा एकदम थांबला तेव्हा सगळ्यांना वाटले संपले; पण नानी म्हणाली, उठू नका, हा फसवतोय. मागच्या दारचा माड शेजाऱ्यांच्या गोठ्यावर पडला आणि शेळी ओरडायची थांबली. दुसऱ्या दिवशी विहिरीत एवढा पाला होता की पाणी दिसेना. आणि शेवटी, आमच्या लक्षात राहिलेली गोष्ट: वादळानंतर पहिल्यांदा घरातून दर्या दिसला. तोवर मधे बागा होत्या, म्हणून तो नुसता ऐकू यायचा.

जी मुलगी तोंडाने असे सांगू शकते, तिला लिहिता येत नाही असे कोण म्हणेल? तिला लिहू दिले गेले नाही, इतकेच. निरीक्षण आहे, क्रम आहे, कोणता तपशील शेवटी ठेवायचा याची जाणही आहे. निबंध लिहिताना तिने हे सगळे बाहेर काढून ठेवले, मशिदीत जाताना चपला काढाव्यात तसे. तिला वाटले, आत हे न्यायचे नसते.

आता वाचनाकडे वळू. कारण लिहिण्याचा हा दोष वाचनातूनच येतो. आपल्या घरातल्या मुलाची अक्षराशी पहिली गाठ पुष्कळदा शाळेत पडत नाही, मक्तबमध्ये पडते. कायदा, मग अम्मपारा, मग नाजरा. अर्थ न कळता शुद्ध उच्चाराने वाचणे म्हणजे नाजरा. तिलावतीचे ते अंग आहे, त्याचा सवाब आहे, आणि त्याच्या जागी त्याला कोणी नावे ठेवू नयेत. आमची तक्रार वेगळी आहे. शाळेत मराठीचे किंवा उर्दूचे पुस्तकही नाजऱ्यासारखेच वाचले जाते. मूल उभे राहते, धडा खणखणीत म्हणते, खाली बसते. काय वाचलेस असे विचारले की प्रश्नोत्तरांतले पहिले उत्तर पाठ म्हणते. पाठ्यपुस्तकाच्या नाजऱ्याला सवाबही नाही.

गंमत अशी की मक्तबमधली जी गोष्ट शाळेने खरोखर उचलायला हवी होती, ती तिने उचलली नाही. मक्तबमध्ये प्रत्येक मुलाचा सबक वेगळा असतो. एकाच चटईवर एक पोर अलिफ-बे वर असते, दुसरे पंधराव्या पाऱ्यावर. सबक पक्का झाल्याशिवाय हाफिजसाहेब पुढचे पान उघडू देत नाहीत, आणि झाला की वयाची वाट पाहत नाहीत. शाळेत मात्र जून महिन्यात सगळ्यांचे पहिले पान आणि मार्चमध्ये सगळ्यांचे शेवटचे. मधे कोण कुठे गळाले, हे चौथी-पाचवीत कळते, आणि तोवर 'हे मूल कच्चे आहे' असा शिक्का बसलेला असतो.

किती गळतात? २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण भारतातील पाचवीच्या मुलांपैकी ४८.८ टक्के मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता आला. म्हणजे निम्म्याहून अधिकांना आला नाही. तेही मोठ्याने वाचण्यापुरते. उताऱ्यातले किती उमगले हे त्या आकड्यात नाही, आणि लिहिण्याची तर त्यात मोजणीच नाही. २००१ च्या जनगणनेत महाराष्ट्राची साक्षरता ७६.९ टक्के आणि राज्यातल्या मुस्लिमांची ७८.१ टक्के होती. सच्चर समितीच्या २००६ च्या अहवालानंतर हा आकडा आपल्या सभांतून अभिमानाने सांगितला गेला. अभिमान जरूर असावा. पण जनगणनेच्या व्याख्येप्रमाणे साक्षर म्हणजे सात वर्षांवरील जी व्यक्ती कोणत्याही एका भाषेत समजून वाचू आणि लिहू शकते ती. 'समजून' हा शब्द त्या व्याख्येत आहे. दारावर आलेला गणक मात्र तो तपासत नाही. घरातले सांगतील ते टिपून घेतो.

येथे आपला जुना वाद आडवा येतो: उर्दू माध्यम की मराठी माध्यम. सोलापूरला १९९० साली मुस्लिम मराठी साहित्य संमेलन पहिल्यांदा भरले, त्याच्या आधीपासून तो चालू आहे आणि हे वार्षिक वाचणाऱ्यांची त्यातली बाजू ठरलेली आहे. आमचीही आहे. परंतु बुरोंडीच्या त्या घरात बसून पाहिले तर दोन्ही बाजू एक गोष्ट विसरतात. नानी जी भाषा बोलते ती उर्दू नव्हे आणि पुस्तकी मराठीही नव्हे. ती कोकणी मुसलमानांची बोली आहे. ग्रियर्सनच्या भाषा सर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात, मराठीच्या बोलींमध्ये, संगमेश्वरी आणि बाणकोटी यांची नोंद आहे. बाणकोट बुरोंडीपासून फार लांब नाही. या बोलीत 'मला' म्हणजे 'मना', आणि लिहिणे म्हणजे 'लिवना'. मूल उर्दू शाळेत गेले की तिला गावंढळ ठरवून बाहेर ठेवतात. मराठी शाळेत गेले की अशुद्ध ठरवून. उर्दू शाळेतला 'बरसात का मौसम' हा मज़मून आम्ही पाहिला आहे. त्यातला पाऊसही कोकणातला नाही. माध्यम बदलले तरी सूर्य दर्यातूनच उगवतो.

आमचे म्हणणे बोलीत पाठ्यपुस्तके छापा असे नाही. प्रमाण मराठी आली पाहिजे, उत्तम आली पाहिजे. तिच्यावाचून अर्ज, परीक्षा, न्यायालय, वर्तमानपत्र काहीच उघडत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. मुलाने तोंडातून काढलेले पहिले वाक्य शाळेने आधी कागदावर घ्यावे आणि मग दुरुस्त करावे, की आधी दुरुस्त करावे आणि मग लिहू द्यावे? दुसरा मार्ग धरला की मूल बोलतच नाही, मग दुरुस्त करायलाही काही उरत नाही.

न्यूझीलंडमध्ये सिल्व्हिया अ‍ॅश्टन-वॉर्नर या शिक्षिकेने माओरी मुलांच्या वर्गात हेच केले. 'टीचर' या १९६३ च्या पुस्तकात तिने ते सांगितले आहे. रोज प्रत्येक मुलाला ती विचारी, तुला आज कोणता शब्द हवा? मूल सांगेल तो शब्द जाड कागदावर लिहून त्याच्या हातात देई. दुसऱ्या दिवशी त्याला तो ओळखता आला नाही तर कार्ड फेकून देई. शब्द मुलाच्या जिव्हाळ्याचा नव्हता, एवढाच त्याचा अर्थ. बुरोंडीच्या पोराला विचारले तर ते कोणता शब्द मागेल? उधाण मागेल, पाग मागेल, तांडेल मागेल. पुस्तकात त्याला भरती-ओहोटी भेटते. पण अमावास्या-पुनवेचे उधाण आणि अष्टमीची भांग हा फरक, ज्याच्यावर त्याच्या घरचे बंदरात जाणे-येणे ठरते, तो पुस्तकात नाही.

इतक्या लांब जाण्याचीही गरज नाही. साताऱ्याच्या फलटणमध्ये मॅक्सीन बर्नसन यांनी हे काम मराठीतच उभे केले. अमेरिकेतून आलेल्या या बाई भाषाशास्त्रज्ञ. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात १९७३ साली त्यांनी प्रबंध लिहिला तोच फलटणच्या बोलीवर. प्रमाण भाषा आणि घरची भाषा यांतले अंतर त्यांनी आधी कान देऊन ऐकले आणि मग शाळा काढली. १९८६ साली सुरू झालेल्या कमला निंबकर बालभवनात 'अ' पासून 'ज्ञ' पर्यंतची रांग संपेपर्यंत मुलाला ताटकळत ठेवीत नाहीत. मोजक्या अक्षरांचा एक गट, त्याच्यासोबतच काना-मात्रा, आणि तेवढ्यातून लगेच शब्द, लगेच वाक्य, लगेच स्वतःचे काहीतरी लिहिणे. वाचन आधी आणि लेखन नंतर असे जिने तेथे नाहीत. कोल्हापूरला लीलाताई पाटील यांनी १९८५ साली सुरू केलेल्या सृजन आनंद विद्यालयातही मुलांनी आपल्या अनुभवावर लिहावे यावर भर होता. ना. सी. फडक्यांची ही मुलगी, म्हणजे मराठीतल्या सर्वांत घोटीव गद्याच्या घरात वाढलेली. तरी तिने मुलांच्या ओबडधोबड वाक्याची बाजू घेतली, हे आम्हाला फार बोलके वाटते.

वरच्या वर्गांसाठी इटलीतल्या बार्बियानाचे उदाहरण आहे. नापास ठरवून शाळेबाहेर काढलेल्या डोंगरी मुलांना लोरेन्झो मिलानी या पाद्र्याने एकत्र केले. त्यांतल्या आठ जणांनी आपल्या बाईंना लिहिलेले पत्र १९६७ साली पुस्तकरूपाने निघाले. त्यात मुलांनी लिहायची रीत सांगितली आहे. सुचेल ते वेगवेगळ्या चिठ्ठ्यांवर टिपायचे, एका दिवशी सगळ्या चिठ्ठ्या टेबलावर मांडायच्या, दुबार असतील त्या काढायच्या, उरलेल्यांचे ढीग करायचे, ढिगांची प्रकरणे करायची, मग काटछाट, आणि मग बाहेरच्या माणसांना वाचून दाखवून कुठे अडते ते पाहायचे. यात प्रतिभेचा उल्लेखही नाही. सुतारकामासारखे हे शिकवता येते. आपल्याकडे मात्र निबंध एका तासात, एका दमात, खाडाखोड न करता लिहायचा असतो. खाडाखोडीचे गुण कापतात! ज्या कोणा लेखकाने आजवर काही बरे लिहिले त्याचा कागद या नियमाने नापास झाला असता.

शिक्षकांवर सगळे ढकलून मोकळे होणे सोपे आहे. कोकणात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा पुष्कळ आहेत. तेथे एक-दोन शिक्षक चार इयत्ता सांभाळतात आणि वर माहितीचे तक्ते भरतात. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक एवढीच बाहेरची कामे मान्य केली. पण ही तीनही कामे वर्गाबाहेर नेणारीच आहेत. तरी एक गोष्ट राहतेच. वीस मुलांची शाळा ही निबंध 'वाचण्यासाठी' अडचण नसून संधी आहे. बद्रच्या लढाईतल्या ज्या कैद्यांकडे खंडणी नव्हती, त्यांनी मदिनेतल्या दहा-दहा मुलांना लिहायला-वाचायला शिकवून सुटका करून घ्यावी, असे ठरल्याचे सीरतच्या ग्रंथांत येते. आपल्या प्रत्येक शैक्षणिक सभेत 'इक्रा'पाठोपाठ हा प्रसंग सांगितला जातो आणि टाळ्या पडतात. त्यातल्या दहा या आकड्याकडे मात्र कोणी पाहत नाही. शंभर नव्हे, दहा. आणि मुले शिकली म्हणजे सुटका.

आम्ही लिहिणाऱ्यांनीही आरशात पाहावे. मराठी कथेतला मुसलमान वर्षानुवर्षे मोडक्या हिंदीत बोलत आला. कोकणातला असला तरी 'तुमको मालूम नै' म्हणत आला. त्यावर आपण रास्त टीका केली. पण आपल्या कथांतली नानी तरी तिच्या बोलीत बोलते का? आपल्यापैकी कित्येकांनी निवेदनासाठी पुस्तकी मराठी घेतली आणि संवादांसाठी मुंबईची हिंदी, मधली घरातली भाषा तशीच गिळली. मिरजोळीच्या हमीद दलवाईंच्या मतांशी भांडणारे आपल्यात पुष्कळ आहेत आणि त्यांना भांडू द्यावे; पण 'इंधन'मध्ये त्यांनी कोकणातला मुस्लिम गाव मराठी कादंबरीच्या मध्यभागी आणून ठेवला, तो उसन्या डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. शाळेत आम्हीही सूर्य दर्यातूनच काढला होता. ती सवय मोडायला आमची वीस वर्षे गेली आणि पुरती मोडली असे अजूनही म्हणवत नाही.

एके काळी आपल्या गावांत खऱ्या लेखनाची एक शाळा होती; तिला शाळा म्हणून कोणी ओळखले नाही. सत्तर-ऐंशीच्या दशकांत घराघरांतले पुरुष कुवेत, दुबई, सौदीला गेले आणि पत्रे सुरू झाली. घरातल्या शिकत्या पोराला समोर बसवून नानी सांगे: लिव, माड काढले, एवढे नारळ निघाले; लिव, थोरलीचा ताप उतरला; आता हे लिवू नको, तो तिकडे घाबरंल. काय लिहायचे, काय गाळायचे, वाचणाऱ्याच्या मनात काय होईल, हे सारे त्या पोराला पडवीत बसून कळत होते. आलेले पत्र वाचतानाही तसेच. अम्मासमोर कोणती ओळ आवाज उतरवून वाचायची ते कोणी शिकवावे लागत नसे. तेच पोर शाळेत 'परदेशातील वडिलांस पत्र' लिहिताना मात्र 'तीर्थरूप बाबांस, शिरसाष्टांग नमस्कार' अशी सुरुवात करी. घरी त्याने आयुष्यात सलामाशिवाय पत्र सुरू केलेले नसे. गुण पाच.

आता पत्रे गेली. मोबाइलवर आवाज पाठवतात, तोही अस्सल कोकणीत, आणि टाइप केलेच तर रोमन अक्षरांत. लिहिण्याचे ते एक खरे कारण घरातून नाहीसे झाले, ते शाळेत निर्माण करावे लागेल. त्याला पैसे लागत नाहीत. गावातल्या तांडेलाला वर्गात बोलावून त्याची हकिकत टिपून घेता येते. वादळाची प्रत्येक घरातली आठवण गोळा करून त्याची हस्तलिखित वही करता येते आणि ती गावात वाचून दाखवता येते. मोहल्ल्यातल्या जमातीने आपल्या वार्षिक अहवालाची चार पाने मुलांना द्यावीत. आणि या वार्षिकाच्या संपादकांना आमची विनंती आहे की पुढच्या अंकात आमच्यासारख्यांचा एखादा लेख कमी करून मुलांचे लेखन छापावे, दुरुस्त न करता.

त्या मुलीला आम्ही वादळ पुन्हा लिहायला सांगितले, तोंडाने सांगितले होते तसे. ती दीड तास बसली. 'शेळी ओरडायची थांबली' येथपर्यंत आली आणि विचारू लागली, "मामू, 'थांबली' लिवू का 'मेली' लिवू?" आम्ही म्हटले, तू सांगितलेस तेव्हा काय म्हणालीस? तिने 'थांबली' ठेवले. नानीचे 'उठू नका, हा फसवतोय' हे वाक्य नानीच्याच बोलीत लिहावे की पुस्तकातल्या, यावर तिने दोनदा खोडले आणि शेवटी नानीलाच जाऊन विचारून आली. कागद अजून वहीत चिकटवलेला नाही. बाईंना आधी दाखवीन, त्यांनी चालेल म्हटले तर लावीन, असे ती म्हणते. शाळा सोमवारी उघडते.